फलाटाजवळची भिंत : रंगवली तरी दोन पावसाळ्यांत पोपडे, पिंका, कोरलेली नावं. असं का होतं?

आठपन्नासची_लोकल | ७ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी,

गेली चौदा वर्षं मी मुंबईच्या एका उपनगरी स्थानकावरून रोज ८:५० ची लोकल पकडतो. स्थानकाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की चर्चा तिथेच अडकते, आणि पाटी बदलली तरी चित्र फारसं बदलत नाही असा माझा अनुभव आहे.

तिकीटघराकडून पुलावर जाणाऱ्या जिन्याला लागून वीस-पंचवीस फुटांची एक भिंत आहे. काही वर्षांपूर्वी कॉलेजच्या मुलामुलींनी तिथे वारली चित्रं काढली होती. गेरूच्या रंगावर पांढरा तारपा नाच, भातलावणी, आणि खालच्या कोपऱ्यात एक लोकल. लोकलच्या दारात लटकलेली काड्यांची माणसं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. ती माणसं बोटाने मोजल्याशिवाय जिना चढायची नाही. अकरा होती.

काल मी मोजली. चार उरली आहेत. बाकीची पोपड्यांबरोबर गेली. जिथे रंग शिल्लक आहे तिथे कोणी किल्लीने नाव कोरलंय, कोणी बदाम काढलाय, आणि जिन्याच्या वळणावरचा कोपरा गुडघ्यापर्यंत लाल आहे. वरची ट्यूबलाइट गणपतीपासून बंद आहे.

मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून विचारतो. नक्की आधी काय होतं? देखभाल सुटते म्हणून लोक भिंत खराब करायला धजावतात, की लोक खराब करतात म्हणून देखभाल करणारे हात टेकतात? माझं मत पहिल्याकडे झुकतंय. तुमचे अनुभव वाचायचे आहेत.

फलाट_क्रमांक_३ | ७ मे, रात्री ९:३२

जिव्हाळ्याचा विषय. वाचतोय. अकरापैकी चार वाचून गलबललं.

रोखठोक_नाना | ७ मे, रात्री १०:०५

असहमत. देखभालीला कशाला दोष देता? भिंत आपण होऊन थुंकत नाही. आपल्याच लोकांना शिस्त नाही.

कायदा आहे. रेल्वेच्या आवारातल्या स्वच्छतेसाठी २०१२ साली स्वतंत्र नियम झाले. थुंकणं, कचरा टाकणं, परवानगीशिवाय भिंतीवर किंवा डब्यात लिहिणं, चित्र काढणं, पोस्टर चिकटवणं, सगळं त्यात आहे. दंड ५०० रुपयांपर्यंत. शिवाय राज्याचा १९९५ चा मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायदा आहेच. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तरी भिंती लालच. आठवडाभर प्रत्येक जिन्यावर माणूस उभा करा आणि पावत्या फाडा, भिंत आपोआप स्वच्छ राहील.

खिडकीवाली | ७ मे, रात्री १०:२०

नाना, आणि आठवड्यानंतर?

इंदूची_लेक | ७ मे, रात्री ११:४८

माझी आई नऊ वर्षं एका स्थानकावर कंत्राटी सफाई कामगार होती. त्या लाल कोपऱ्याबद्दल मला लिहायचं आहे.

लोक म्हणतात पाणी मारलं की झालं. होत नाही. काथ आणि चुना एकत्र आले की तो लाल रंग धरतो, आणि सिमेंटचा गिलावा किंवा साधा डिस्टेंपर त्याला पिऊन टाकतो. आई सांगायची, पिंक ओली असताना पाच मिनिटांचं काम, सुकली की अर्धा तास, आणि दोन दिवस गेले की भिंतच खरवडायची. मग तारेचा ब्रश, आणि कधी कधी अ‍ॅसिड. हातमोजे मिळायचे, पण बोटांशी फाटलेले. तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची कातडी अजून गुळगुळीत आहे.

आणि ब्रशने डाग निघतो तसा रंगही निघतो. मग ती जागा खडबडीत होते, पुढची पिंक आणखी आत जाते. आईने मुकादमाला अनेकदा सांगितलं होतं की जिन्याच्या वळणावर चार फुटांपर्यंत गुळगुळीत लादी लावा, एका फडक्यात निघेल. मुकादम म्हणायचा, भिंत आपल्या कंत्राटात नाही, आपल्या कंत्राटात फक्त सफाई.

नाना, दंड जरूर करा. पण आईला दंडाच्या पावतीपेक्षा ती लादी हवी होती.

फलाट_क्रमांक_३ | ८ मे, सकाळी ७:१५

इंदूची_लेक, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

चुनखडी | ८ मे, सकाळी ११:०२

निवृत्त माणूस आहे. स्थानकांच्या इमारती, छपरं, फलाट यांच्या डागडुजीत एकतीस वर्षं गेली, त्यामुळे हा धागा वाचून हात शिवशिवले.

धागाकर्त्यांना पहिला प्रश्न : पोपडे वरून सुरू झाले की खालून?

हे का विचारतो ते सांगतो. भिंतीत पाणी मुरतं तेव्हा विटा-सिमेंटमधले क्षार त्यात विरघळतात. पाणी पृष्ठभागावर येऊन सुकतं, क्षार मागे राहतात. त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो, ती पांढरी भुकटी. हे क्षार रंगाच्या मागे स्फटिक धरतात आणि रंगाला बाहेर ढकलतात. झाला पोपडा. अशा भिंतीवर तुम्ही कितीही महागडा रंग द्या, टिकणार नाही. ऑइलपेंट दिला तर आणखी वाईट, कारण ओल बाहेर पडायची वाटच बंद होते.

वरून पोपडे असतील तर छपराची पन्हळ बघा. आपल्या फलाटांवर पत्र्याचं छप्पर, कडेला पन्हळ, तिथून खाली उतरणारा पाइप. त्या पन्हळीत कबुतरांची पिसं, खाऊची पाकिटं, आणि सांध्यात पक्ष्यांनी पेरलेला पिंपळ. पहिल्याच मोठ्या सरीला ती तुंबते आणि पाणी सगळं भिंतीवर. मे महिन्यात पन्हळ साफ झाली नाही तर जूनमध्ये रंगाची आशा सोडा.

खालून असतील तर जमिनीतली ओल, किंवा भिंतीच्या पाठीमागे कुठेतरी गळका नळ.

एक साधी तपासणी आहे. हातभर प्लास्टिकचा स्वच्छ तुकडा भिंतीला लावा, चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा, दिवसभर राहू द्या. आतल्या बाजूला दव धरलं तर भिंत ओली आहे. रंगकामाला हात लावायच्या आधी हे करायचं. उत्साही मंडळी रविवारी येतात, सकाळी प्रायमर, दुपारी चित्र, संध्याकाळी फोटो. मन चांगलं असतं हो त्यांचं. पण भिंतीवर हात ठेवून कोणी बघत नाही. नवा गिलावा केला असेल तर त्याला महिनाभर तरी सोडावं लागतं, हेही कोणी सांगत नाही.

आठपन्नासची_लोकल | ८ मे, दुपारी १:४०

चुनखडी काका, आत्ताच डबा खाताना फोनमधले जुने फोटो उघडले. खालून. साधारण कमरेपर्यंत. वरची भातलावणी जवळजवळ शाबूत आहे. लोकल खाली होती म्हणून ती आधी गेली! हे इतकी वर्षं माझ्या लक्षातच आलं नाही.

चुनखडी | ८ मे, दुपारी २:०५

मग भिंतीच्या पलीकडे जाऊन बघा काय आहे.

रात्रीची_शेवटची | ८ मे, रात्री ११:५५

सगळे रंग आणि ओलीबद्दल बोलताय, ते महत्त्वाचंच. मला दुसरी बाजू मांडायची आहे.

मी रुग्णालयात काम करते, पाळी संपवून रात्री पावणेअकरानंतर स्थानकावर उतरते. स्कायवॉककडे जाणाऱ्या बोळात भिंतीवर काय लिहिलेलं असतं ते इथे लिहू शकत नाही. बायकांची अर्धवट चित्रं, फोन नंबर, नंबरापुढे एखाद्या मुलीचं नाव. वर दोन ट्यूब, त्यातली एक लुकलुकणारी. दिवसा त्याच बोळातून हजारो माणसं जातात, कुणी वर बघत नाही. रात्री मी एकटी असते तेव्हा ती भिंत माझ्याशी बोलते, आणि काय बोलते ते मला नीट कळतं. की इथे कोणी येत नाही, कोणी बघत नाही.

एकदा एका नंबरावर काळा रंग फासलेला दिसला. कोणी केलं माहीत नाही. त्या रात्री मी बोळातून नेहमीपेक्षा सावकाश चालले.

म्हणून भिंतीवरचं खरडणं ही फक्त सौंदर्याची बाब आहे असं कृपया कोणी म्हणू नका.

खिडकीवाली | ९ मे, सकाळी ८:३०

रात्रीची_शेवटची, अगदी खरं. लेडीज डब्यातही नंबर लिहिलेले असतात. मी पर्समध्ये मार्कर ठेवते आणि दिसला नंबर की पूर्ण काळा करते. नियमाने मीही गुन्हेगारच ठरेन, पण तो नंबर एखाद्या खऱ्या मुलीचा असतो आणि तिला फोन येत राहतात.

रोखठोक_नाना | ९ मे, सकाळी ९:०२

हा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. मुलगी आहे मलाही.

आधी_पूल | ९ मे, सकाळी १०:४७

कटू वाटेल, तरी लिहितो. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, २३ माणसं गेली. पुढच्या वर्षी ३ जुलैला अंधेरीत गोखले पुलाचा पादचारी भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ ला सीएसएमटीजवळचा हिमालय पूल पडला. एल्फिन्स्टनच्या त्या सकाळी मी परळच्या बाजूला होतो. पुलाच्या पायऱ्यांवर राहिलेल्या चपला मी पाहिल्या आहेत.

त्यानंतर मला भिंतीवरच्या बदामाचं काही वाटेनासं झालं. पैसा आणि माणसं मर्यादित आहेत. आधी पूल, जिने, फलाटाची उंची, गाडी आणि फलाट यांतली फट. चित्रं नंतर.

फलाट_क्रमांक_३ | ९ मे, सकाळी ११:१०

तुमचं दुःख कळतं. सहमत.

चुनखडी | ९ मे, दुपारी ४:२०

आधी_पूल, प्राधान्यक्रमाबद्दल वादच नाही. माणसाच्या जिवाच्या वर काही नाही. पण नोकरीभर पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

ज्या पाण्याने भिंतीचा रंग जातो तेच पाणी लोखंडी खांबाच्या बुडाशी साचतं. पुलाचा खांब फलाटात जिथे शिरतो ना, ती वितभर जागा बघायची. तिथे केर, चिखल, ओल साठते आणि लोखंड आतून पापुद्र्या-पापुद्र्याने सुटतं. वरून रंग चकाचक असतो. हातोडीने ठोकलं की आवाज बदलतो. आमचे जुने मेस्त्री खांबाखांबाला ठोकत चालायचे, आणि तोच मेस्त्री तुंबलेली पन्हळ, फुटलेली लादी, गळका नळ हेही वहीत लिहायचा. ते काम त्याच नजरेचं होतं. पुलासाठी वेगळी आणि भिंतीसाठी वेगळी अशी नजर नसते. ज्या स्थानकावर गळका नळ सहा महिने कोणाला दिसत नाही, तिथल्या पुलाच्या खांबाकडेही कोणी बघत नसेल अशी मला धास्ती वाटते.

आधी_पूल | ९ मे, सायंकाळी ६:०८

हे पटलं. पुलाजवळ वितभर जागा बघायची, लक्षात ठेवतो.

हडसनकाठ | १० मे, सकाळी ६:५५

न्यूयॉर्कमध्ये बावीस वर्षं आहे, मूळचा डोंबिवलीचा. इथल्या भुयारी रेल्वेची गोष्ट सांगतो, धागाकर्त्याच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे.

सत्तर आणि ऐंशीच्या दशकात इथले डबे आतून-बाहेरून रंगलेले असत, खिडकीतून स्थानकाचं नाव दिसायचं नाही. अटका झाल्या, यार्डांना काटेरी तारा लागल्या, उपयोग बेताचाच. १९८४ मध्ये डेव्हिड गन यांच्याकडे कारभार आला आणि त्यांनी एक नियम घातला. एकेक मार्ग घ्यायचा, गाड्या स्वच्छ करायच्या, आणि एकदा स्वच्छ झालेला डबा पुन्हा रंगलेला दिसला तर पुसल्याशिवाय प्रवाशांसाठी सोडायचा नाही. सहा हजारांवर डबे होते. १२ मे १९८९ ला शेवटची रंगलेली गाडी सेवेतून काढली.

यातली कळीची गोष्ट अशी की रंगवणाऱ्या पोरांना आपलं नाव शहरभर फिरताना बघायचं होतं. रात्रभर खपून काढलेलं नाव सकाळी कोणालाच दिसलं नाही की त्यांचा हुरूप गेला. इंदूची_लेक यांच्या आई म्हणतात ते "ओली असताना पाच मिनिटं" हेच तर आहे.

शंकासुर | १० मे, दुपारी १२:३३

छान प्रतिसाद. या सगळ्यामागे "फुटक्या खिडक्यां"चा सिद्धांत आहे. विल्सन आणि केलिंग या अमेरिकी अभ्यासकांनी तो १९८२ मध्ये मांडला : एक खिडकी फुटकी राहू दिली की बाकीच्याही फुटतात. पण त्यावरून "किरकोळ गोष्टींवर कडक कारवाई केली की मोठे गुन्हे घटतात" इथवर जी उडी मारली गेली, तिच्यावर अभ्यासकांत बरेच मतभेद आहेत. कारवाईचा बडगा गरिबांवरच पडतो हा आक्षेपही खरा आहे. नाना, तुमच्या पावत्या फेरीवाल्या पोरावर आधी फाटतील, कडक इस्त्रीतला थुंकणारा सुटेल.

मूळ प्रश्नाला मात्र एक नेमका प्रयोग लागू पडतो. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात केलेला, २००८ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आला. एका बोळात लोक सायकली लावत. संशोधकांनी प्रत्येक हँडलला एक जाहिरातीचा कागद अडकवला. जवळपास कचराकुंडी नव्हती. भिंत स्वच्छ असताना ३३ टक्के लोकांनी कागद जमिनीवर टाकला किंवा दुसऱ्याच्या सायकलला लटकवला. तीच भिंत खरडलेली असताना ६९ टक्क्यांनी. बोळ तोच, फक्त भिंत वेगळी.

म्हणजे धागाकर्त्याचा झुकाव योग्य आहे. पण हेही बघा : स्वच्छ भिंत असतानाही तिघांतल्या एकाने कागद टाकलाच. नानाही पूर्ण चुकीचे नाहीत.

रोखठोक_नाना | १० मे, दुपारी १२:५०

तेवढं तरी मान्य केलंत, धन्यवाद. बाकी पोरावर पावती फाटण्याचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे.

ब्रश_आणि_बादली | १० मे, रात्री १०:१५

चुनखडी काकांनी ज्या "उत्साही मंडळीं"चा उल्लेख केला त्यांतली मी एक. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये 'हमारा स्टेशन, हमारी शान' या मोहिमेत मुंबईची अनेक स्थानकं स्वयंसेवकांनी रंगवली, त्यात होते. नंतरही मित्रमैत्रिणींबरोबर दोन-तीन ठिकाणी भिंती केल्या.

काका, तुम्ही लिहिलंत ते सगळं खरं आहे आणि मला ते आज पहिल्यांदा कळलं. आम्हाला रंगाचे डबे मिळाले, ब्रश मिळाले, पाणी मिळालं. भिंत सुकी आहे का हे विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. पण त्या दिवशी काय घडलं तेही सांगायला हवं.

सकाळी सहापासून आम्ही बसलो होतो. येणारे-जाणारे थांबायचे. एका हमालाने सांगितलं की घोड्याचा मागचा पाय चुकलाय, त्याच्या गावाकडे घोडे होते. बरोबर होतं त्याचं, आम्ही पाय बदलला. भाजीचं गाठोडं घेऊन आलेल्या एका आजींनी ब्रश मागितला आणि कोपऱ्यात पाच ठिपके देऊन त्यांची रांगोळी काढली. पुढचे कितीतरी महिने मी त्या स्थानकावर उतरले की आधी तो घोडा आणि ती रांगोळी बघायचे. घोड्यावर कोणी काही लिहिलं नाही. तीन पावसाळे टिकला. शेजारचा नुसता पिवळा रंगवलेला पट्टा मात्र चार महिन्यांत नावांनी भरला.

मला वाटतं, ज्या भिंतीवर आपला हात लागलाय ती आपण खराब करत नाही, आणि दुसऱ्यालाही करू देत नाही. चूक आमची एवढीच की आम्ही परत गेलो नाही. फोटो टाकले, कौतुक झालं, पुढच्या भिंतीकडे वळलो. पहिल्या ओरखड्याला कोणीतरी ब्रश घेऊन हजर हवं होतं.

खिडकीवाली | १० मे, रात्री १०:४०

घोड्याचा पाय! काय सुंदर. अवांतर : आमच्या फलाटावरच्या बाकावर "एस + आर" असा बदाम कोरलेला आहे, तारीख सकट, १९९६ ची. बाक बदलताना सगळ्या प्रवाशांनी विनंती करून ती फळी वाचवावी असं मला फार वाटतं. दोघं आता पोरांना घेऊन नक्की येत असणार.

फलाट_क्रमांक_३ | १० मे, रात्री १०:५२

एस आणि आर हा धागा वाचत असतील तर कृपया प्रतिसाद द्या :)

तुतीचा_रंग | ११ मे, सकाळी ९:२५

मी भित्तिचित्रं काढतो, परवानगीने. "ग्राफिटी" म्हटलं की सगळं एकाच पिशवीत कोंबू नका एवढं सांगायला आलो. नंबर आणि शिव्या वेगळ्या, किल्लीने नाव कोरणं वेगळं, आणि स्प्रे घेऊन चोरून का होईना काहीतरी रेखीव काढणारा मुलगा वेगळा. त्या मुलाला भिंत हवी असते.

फिलाडेल्फियात १९८४ मध्ये पालिकेने भिंती खरडणाऱ्या पोरांसाठी कार्यक्रम सुरू केला, जेन गोल्डन या चित्रकर्तीला त्यांच्याबरोबर काम करायला घेतलं. त्याच पोरांच्या हातून मोठी भित्तिचित्रं झाली आणि आज ते शहर भित्तिचित्रांसाठीच ओळखलं जातं. आपल्याकडे प्रत्येक स्थानकाबाहेर एक लांबलचक, कोरी, कुणाची नसलेली कुंपणभिंत असते. ती द्या ना.

तांत्रिक : चित्रावर लावायचे संरक्षक लेप दोन प्रकारचे असतात. एक मेणासारखा, घाण झाली की गरम पाण्याच्या झोताने लेपासकट निघतो आणि परत लावावा लागतो. दुसरा पॉलियुरेथेनचा, कायमचा, त्यावरचा रंग द्रावकाने पुसता येतो. दोन्ही ओल्या भिंतीवर फुकट.

पायधूळ | ११ मे, दुपारी ३:००

कबुतरांचा उल्लेख आला म्हणून. फलाटावर दाणे टाकणाऱ्या काकांना मी एकदा नम्रपणे सांगितलं की २०१२ च्या त्याच नियमांत पक्ष्यांना खायला घालणंही येतं. ते म्हणाले पुण्य मिळतं. मी त्यांना वर पन्हळीकडे बघायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिले. आता ते दाणे घेऊन मैदानात जातात.

वाफेचं_इंजिन | ११ मे, रात्री ८:४५

निराश होऊ नका म्हणून एक चांगलं उदाहरण. भायखळा स्थानक १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे या पहिल्या मार्गावरचं. त्याचं जतनकाम २०२२ मध्ये पूर्ण झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याला स्थान मिळालं. रोजची गर्दी चालू ठेवून हे काम झालं. एकदा मुद्दाम उतरून बघा. दगड दगडासारखा दिसतो तेव्हा स्थानक किती वेगळं वाटतं.

आधी_पूल | ११ मे, रात्री ९:१२

भायखळा छानच. पण ते वारसा म्हणून. विरार-बदलापूरकडच्या साध्या स्थानकांचा वाली कोण? तिथे ना दगड, ना कमानी. पत्रा, लोखंड आणि गर्दी. रोजच्या देखभालीची खरी गरज तिथे आहे.

आठपन्नासची_लोकल | १८ मे, रात्री ८:३०

मंडळी, आठवडाभर गायब होतो, कारण काकांनी दिलेला गृहपाठ करत होतो.

भिंतीच्या पलीकडे गेलो. तिथे पिण्याच्या पाण्याचे तीन नळ आहेत! रोज त्यांच्याजवळून जातो, पण ते याच भिंतीच्या पाठीवर आहेत हे डोक्यात कधी आलं नाही. मधला नळ सतत ठिबकतो, खालची मोरी चहाच्या कपांनी तुंबलेली, पाणी भिंतीच्या बुडाशी उभं.

स्टेशन मास्तरांना भेटलो. आधी त्यांना वाटलं मी भांडायला आलोय. प्लास्टिक लावायची परवानगी मागितली तेव्हा हसले आणि स्वतः बरोबर आले. शनिवारी संध्याकाळी दुधाची पिशवी कापून, धुऊन लावली. मुलगी बरोबर होती, चिकटपट्टी तिने दाबली. रविवारी संध्याकाळी बघितलं तर आतून थेंब लोंबत होते. भर मे महिन्यात! मास्तरांनी बोट फिरवून बघितलं. म्हणाले, मी दोनदा रंगाची मागणी लिहिली होती, नळाची कधी लिहिलीच नाही. नळ एका विभागाकडे, ट्यूबलाइट दुसऱ्याकडे, सफाई कंत्राटदाराकडे. त्यांनी माझ्यासमोर तीन वेगळी पत्रं लिहिली. मी १३९ या रेल्वेच्या मदत क्रमांकावरही तक्रार नोंदवली, क्रमांक जपून ठेवलाय.

चुनखडी | १८ मे, रात्री ८:५२

शाब्बास. आता रंगाची घाई कोणालाही करू देऊ नका. नळ दुरुस्त झाल्यावर लोणा लागलेला गिलावा खरवडून नवा करा, पावसाळा जाऊ द्या, दिवाळीनंतर परत प्लास्टिक लावून बघा.

ब्रश_आणि_बादली | १८ मे, रात्री ९:३०

दिवाळीनंतर मी येते. या वेळी परत परत यायच्या तयारीने. स्थानकाचं नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

इंदूची_लेक | १८ मे, रात्री ९:४१

गिलावा करतानाच वळणावरच्या कोपऱ्याला चार फूट लादी मागा. आत्ताच मागा, नंतर कोणी करत नाही.

आठपन्नासची_लोकल | २९ जून, रात्री १०:०५

खबर द्यायला आलो. ट्यूब पहिल्याच आठवड्यात बदलली. नळाला तीन आठवडे लागले, मोरी फोडून नवीन पाइप टाकला. कमरेपर्यंतचा गिलावा खरवडला, त्यात उरलेली चार माणसंही गेली. मुलीला आधी सांगून ठेवलं होतं, तरी ती थोडा वेळ बोलली नाही. कोपऱ्याला लादी बसली, चार नाही, तीन फूट. इंदूची_लेक, आईंना सांगा, सकाळी सफाईवाल्या ताई खरंच एका फडक्यात पुसतात, मी उभं राहून बघितलं.

पाऊस जोरात सुरू झालाय, भिंतीचं बूड कोरडं आहे. गेल्या मंगळवारी नव्या गिलाव्यावर कोणीतरी खिळ्याने एक 'आर' कोरला. मी मास्तरांना सांगायला गेलो तर त्यांनी आधीच बघितला होता. बुधवारी सकाळी ८:५० पकडायच्या आधी पाहिलं, तिथे ओल्या सिमेंटचा तळहाताएवढा ठिपका होता. आज तोही सुकलाय.

खिडकीवाली | २९ जून, रात्री १०:११

फोटो टाका ना, कोऱ्या भिंतीचा.